डोंगरातले कॉलेज की शहर? टाळ्यांच्या आधी हिशोब करा!

बारावीचा निकाल लागला की आमचा फोन वाजू लागतो. यंदा पहिला फोन घाटमाथ्यावरच्या एका बौद्धवाडीतून आला. बोलणारा बाप वर्षातले सहा महिने मुंबईत गवंड्याच्या हाताखाली राबतो आणि पावसाळ्यात भातलावणीला गावी येतो. "ताई, पोरगी पास झाली. एकाहत्तर टक्के पडलं, आर्ट्सला. पुण्याला धाडायचं धाडस हुईना. तालुक्याला कॉलेज हाय, तिथंच घालू का?"

त्याच आठवड्यात आम्ही एका करिअर मार्गदर्शन शिबिराला गेलो होतो. चळवळीतलेच एक शहरी वक्ते व्यासपीठावरून गरजले, "डोंगरातल्या कॉलेजात तीन वर्षे काढणे म्हणजे आयुष्याची माती करून घेणे! बाबासाहेब कोलंबियाला गेले आणि तुम्ही तालुक्याला जाता?" टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही टाळी वाजवली नाही. का वाजवली नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही स्वतः सह्याद्रीतल्या अशाच एका कॉलेजातून बी.ए. झालो. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. कला आणि वाणिज्य अशा दोनच शाखा, तिन्ही वर्षांची मिळून तीनशेच्या आत मुले, ग्रंथालयावर पत्र्याचे छप्पर. पाऊस सुरू झाला की वाचताना शेजारच्याचे बोलणे ऐकू यायचे नाही. वाडीतून सकाळी सव्वासहाला मुक्कामी एस.टी. निघायची. ती चुकली तर सात किलोमीटर चालत जायचे. घाटात दरड कोसळली की कॉलेज आपोआप बंद. त्यामुळे या कॉलेजचे गोडवे गाणारी 'निसर्गरम्य परिसर' छापाची माहितीपत्रके आम्हाला सांगू नका. धुके फोटोत छान दिसते. त्याच धुक्यात शेवटची एस.टी. रद्द झाली म्हणून स्टँडवर थांबलेल्या मुलीला ते छान वाटत नाही.

तरीही या कॉलेजने आम्हाला काय दिले, ते आधी प्रामाणिकपणे मांडतो.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. अकरा! सरांना प्रत्येकाचे अक्षर ओळखता यायचे. आमच्या पहिल्या निबंधावर त्यांनी लाल पेनाने दीड पान लिहून दिले होते. शहरातल्या दीडशेच्या वर्गात हे कुणाच्या वाट्याला येते? फी थोडी होती आणि भारत सरकारच्या शिष्यवृत्तीत भागत होती. राहणे-खाणे घरचे. एस.टी.च्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे प्रवासाचा भारही हलका. आई आजारी पडली तेव्हा चूल सांभाळून आम्ही परीक्षा दिली. शहरात असतो तर परीक्षा तरी सुटली असती नाहीतर आई तरी एकटी पडली असती.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. आमच्या वाडीतून पदवीधर झालेल्या पहिल्या पाच मुली, पाचही जणी, याच कॉलेजातल्या. शहरात पाठवायला त्यांच्यापैकी एकीचाही बाप तयार नव्हता. कॉलेज तालुक्याला नसते तर या पाच जणी पुण्याला गेल्या असत्या काय? नाही. त्यांची लग्ने झाली असती. 'डोंगरातले कॉलेज विरुद्ध शहरातले कॉलेज' अशी तुलना करणाऱ्यांना हे दिसत नाही. आपल्या बहुसंख्य मुलींसमोर पर्याय असतो तो डोंगरातले कॉलेज किंवा हळद, असा!

आता दुसरी बाजू. तिथेही आम्ही काही झाकणार नाही.

विज्ञान शाखा नव्हती. आमची एक मैत्रीण बारावी सायन्सला चांगल्या गुणांनी पास झाली होती. तिला प्रयोगशाळेत काम करायचे होते. ती इतिहास घेऊन बी.ए. झाली. विषय तिने निवडला नाही, एस.टी.च्या मार्गाने निवडला. शिक्षकांची स्थिती अशी की निम्मे तासिका तत्त्वावरचे. दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्राला दिवाळीपर्यंत कुणीच नव्हते. जे यायचे ते दोन कॉलेजांत तास घेऊन पोट भरायचे, त्यांना दोष कसा द्यायचा? पुढे आम्ही विद्यापीठात एम.ए.ला गेलो तेव्हा पहिले दोन महिने वर्गात तोंड उघडले नाही. बाकीचे इंग्रजीत प्रश्न विचारत होते आणि आम्ही वहीत त्या शब्दांचे अर्थ लिहून घेत होतो. नंतर सांस्कृतिक भांडवल ही संकल्पना शिकलो. पण तिचा अर्थ आम्हाला मागच्या बाकावर आधीच कळला होता.

आणि जात! लहान गावात जात लपत नाही. हजेरीत आडनाव वाचले की वाडी कळते. वाडी कळली की सगळे कळते. एन.एस.एस.च्या शिबिरात आम्हा बौद्ध मुलींना झाडलोट आणि भांडी दिली, स्वयंपाकाला मात्र दुसऱ्या मुली. कुणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. 'तुम्हाला सवय आहे ना कामाची,' एवढेच हसून म्हटले गेले. तक्रार करायची तर कुणाकडे? प्राचार्य, संस्थाचालक, पतसंस्थेचे चेअरमन आणि गावचे माजी सरपंच एकाच भावकीतले असतील तर अर्ज कुणाच्या टेबलावर ठेवायचा? लहान कॉलेजात सगळे एकमेकांना ओळखतात. हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आणि हाच सर्वांत मोठा दोष.

मग शहर बरे? शहरात मोठे ग्रंथालय मिळते, आंबेडकरी अभ्यासगट मिळतात, मोर्चा मिळतो, न घाबरता वाद घालणारे मित्र मिळतात. हे आम्हालाही शहरानेच दिले आणि ते अनमोल आहे. पण शहर म्हणजे जातमुक्ती, हा भ्रम आपण अजून किती दिवस बाळगायचा? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईच्या आय.आय.टी.त दर्शन सोळंकी गेला. यातली एकही जागा डोंगरात नव्हती. खोली भाड्याने घ्यायला गेलात की पुण्या-मुंबईतही आडनाव विचारले जातेच. फक्त तिथे आधी 'व्हेज की नॉनव्हेज' असे विचारतात.

पैशाचाही हिशोब करा. स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले आहेत: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. म्हणजे महिन्याला पाच हजार. पुण्यात कॉट आणि मेस धरली की पाच हजारांत महिना सरत नाही. त्यात पैसे वेळेवर येतील याची खात्री नाही. आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा मोठ्या उमेदीने पुण्याला गेला. शिष्यवृत्ती लांबली, त्याने रात्री सिक्युरिटीची नोकरी धरली, दिवसा वर्गात झोपू लागला आणि दुसऱ्या वर्षी शिक्षण सुटले. त्याला 'शहरात जा' म्हणणारे भाषण आपल्याच माणसाने केले होते. भाषणानंतर त्या मुलाला एकदा तरी फोन केला होता का?

वक्ते बाबासाहेबांचे नाव घेतात, तर बाबासाहेबांकडेच जाऊ. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका. तेही डोंगरउतारावरचेच. सुभेदार रामजींच्या लष्करी नोकरीमुळे कुटुंब त्या गावाबाहेर पडले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, पुढे मुंबई आणि १९१३ मध्ये कोलंबिया. पण ते नुसत्या जिद्दीवर गेले नाहीत. मुलाच्या शिक्षणासाठी झिजणारा बाप होता, केळुसकर गुरुजींचा आधार होता, सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती. कोलंबियाचे नाव घेऊन टाळ्या घेणाऱ्यांनी आधी सांगावे, तुम्ही कुणाचे केळुसकर गुरुजी झालात?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यावर कडाडून टीका केली. त्यांनी खेड्याला संकुचितपणा आणि अज्ञानाचे घर ठरवले. ते आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० मध्ये, त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती आणि १९४६ पासून मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू होते. मग मराठवाड्यात कॉलेज कशाला? 'मुंबईला या' एवढे सांगून त्यांना मोकळे होता आले असते. ते तसे मोकळे झाले नाहीत, कारण निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातल्या आपल्या पोरांना मुंबई परवडणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. औरंगाबाद डोंगरात नाही, हे आम्हालाही कळते. पण तर्क तोच आहे. मुले कॉलेजपर्यंत पोहोचत नसतील तर कॉलेज मुलांपर्यंत न्यायचे. आणि नागसेनवनाने पुढे काय दिले? 'अस्मितादर्श'चे गंगाधर पानतावणे तिथेच शिकवत होते. नामांतराच्या लढ्यात उतरलेली पिढी त्याच मातीतली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कॉलेज म्हणजे गाव नव्हे. गावातले असले तरी ते गावाच्या पकडीतून माणसाला बाहेर काढण्याचे साधन आहे. गाव आणि गावातले कॉलेज यांना एकाच काठीने हाणणारे बाबासाहेबांचे अर्धेच वाक्य वाचतात.

आणि हे साधन आज धोक्यात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते की २०४० पर्यंत सर्व उच्च शिक्षण संस्थांनी बहुविद्याशाखीय व्हावे आणि प्रत्येकीत ३,००० किंवा अधिक विद्यार्थी असावेत. तीन हजार! दोन घाटांच्या मध्ये वसलेल्या तालुक्यात तीन हजार विद्यार्थी आणायचे कुठून? 'विद्यार्थी कमी, म्हणून बंद करा' हा मंत्र आपण जिल्हा परिषदेच्या वीस पटाखालच्या शाळांबाबत ऐकला आहे. उद्या तो कॉलेजपर्यंत चढेल. याच धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. शहरातल्या सुखवस्तू मुलाला ती लवचिकता वाटेल. आमच्या वाडीत तिचा अर्थ 'एक वरीस शिकली, सर्टिफिकेट मिळालं, आता स्थळ बघू' असा होतो. डोंगरातल्या कॉलेजला टाकाऊ म्हणणारे आपले वक्ते ते बंद पाडू पाहणाऱ्यांच्याच हातात कोलीत देत आहेत, हे त्यांच्या लक्षात येते काय?

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. या कॉलेजात जाणे म्हणजे हरणे नाही. मात्र तिथेच थांबायचे नाही आणि ते बंदही होऊ द्यायचे नाही.

विद्यार्थ्यांनो, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी पाच गोष्टी विचारा. तुमच्या मुख्य विषयाला कायम शिक्षक आहे का? पहिली आणि शेवटची एस.टी. कितीची? जवळ शासकीय वसतिगृह आहे का? त्या कॉलेजातून गेल्या काही वर्षांत कोण कुठे एम.ए., एल.एल.बी., बी.एड.ला गेले? आणि तिथे शिकलेल्या आपल्या समाजाच्या मुलींना तिथे कसे वागवले गेले? हा शेवटचा प्रश्न प्राचार्यांना विचारू नका, त्या मुलींनाच विचारा. विज्ञान किंवा तंत्रशिक्षण घ्यायचे असेल आणि ते तालुक्याला नसेल, तर तडजोड करू नका, बाहेर पडा. पण वसतिगृहाचा अर्ज आणि जातवैधता आधी, बॅग नंतर. कला-वाणिज्य घेणार असाल तर बी.ए. घराजवळून करायला लाजू नका. पहिल्या वर्षापासून रोज इंग्रजीचे एक पान वाचा आणि पुढची प्रवेश परीक्षा दुसऱ्या वर्षातच ठरवा.

चळवळीतल्या मित्रांनो, आपले काम याहून मोठे आहे. जयंतीच्या डी.जे.चा खर्च एक वर्ष कमी करा. त्या पैशात तालुक्याच्या विहारात चार टेबले, दिवे आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके येतात. महाडीबीटीचा अर्ज भरताना रेंजसाठी पोरे पठारावर चढतात. जूनमध्ये आठ दिवस लॅपटॉप घेऊन तालुक्याला बसा. रिक्त जागांसाठी विद्यापीठावर मोर्चा न्या. कॉलेजच्या तक्रार समितीवर भावकीबाहेरचा माणूस असावा, अशी लेखी मागणी करा. आणि शहरात शिकणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने डोंगरातून आलेल्या एका तरी मुलाची पहिल्या सहा महिन्यांची जबाबदारी घ्यावी. मग खुशाल भाषण करा, आम्हीही टाळ्या वाजवू.

त्या बापाला आम्ही काय सांगितले? आधी फोन मुलीकडे द्यायला लावला. तिला वकील व्हायचे आहे. पदवीनंतर तीन वर्षांचे एल.एल.बी. करता येते, हे तिला आधीच माहीत होते. तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्राला कायम शिक्षक आहेत, हेही तिने विचारून ठेवले होते. मग बापाला म्हटले, "दादा, घाला तालुक्याला. पण बी.ए. झाल्यावर ती लॉ करायला पुण्याला जाणार. तेव्हा स्थळ बघायचं नाही, हे आजच कबूल करा."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "कबूल, ताई. पर तवा तुमी फोन उचला म्हंजे झालं."

तीन वर्षांनी तो फोन उचलायचा आहे. आम्हाला आणि तुम्हालाही.

जय भीम! नमो बुद्धाय! जय संविधान!