सभागृह बंद असताना

29 जुलै 1981 रोजी पाटण्याच्या सचिवालयातून एक परिपत्रक निघाले. संसदीय कामकाज विभागाच्या विशेष सचिवांनी ते सगळ्या खात्यांच्या सचिवांना धाडले होते. विधिमंडळाच्या अधिवेशनाचे सूप आदल्याच दिवशी वाजले होते. आता सहा आठवड्यांच्या नियमामुळे चालू अध्यादेश आपोआप संपणार, तेव्हा प्रत्येक खात्याने विधी विभागाशी संपर्क साधून आपापले अध्यादेश 11 ऑगस्टच्या आत पुन्हा काढून घ्यावेत, असा मजकूर होता. पुढे एक सोयही सांगितली होती. अध्यादेशात काही बदल करायचा नसेल तर मंत्रिमंडळाची मंजुरी घेण्याची गरज नाही.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर संपादकाने कागदाचे भाव, टपालाचा खर्च आणि आटलेल्या जाहिराती यांचे रडगाणे गावे, असा एक रिवाज आहे. त्या हक्कावर आम्ही यंदा पाणी सोडत आहोत. कथा-कविता पुढे आहेतच. त्याआधी या परिपत्रकाबद्दल थोडे बोलायचे आहे, कारण सरकारच्या हातातली सत्ता कशी वाढते हे इतक्या उघडपणे सांगणारा कागद क्वचितच हाती लागतो. त्यात कट नाही, कावा नाही, कोणा हुकूमशहाची गर्जना नाही. कारकुनी टिपणीची सपाट भाषा आहे, आणि त्या भाषेत आमदारांना वगळले आहे. मंत्र्यांनाही वगळले आहे.

हे परिपत्रक जगापुढे आले ते पुण्यामुळे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करत होते. जमिनीचे कायदे शोधताना त्यांच्या हाताला कायद्यांऐवजी अध्यादेशच लागू लागले. एकाच नावाचा, एकाच मजकुराचा अध्यादेश दर काही महिन्यांनी राजपत्रात नव्या क्रमांकाने छापलेला. दुसरा कोणी तळटीप देऊन पुढे गेला असता. वाधवा राजपत्रांचे गठ्ठे उलगडत बसले. 1967 ते 1981 या काळात बिहारच्या राज्यपालांनी 256 अध्यादेश काढले होते आणि त्यांतले 69 पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, असे त्यांनी मोजून दाखवले. उसाच्या पुरवठ्याचा आणि खरेदीचा अध्यादेश तर तेरा वर्षांहून अधिक काळ चालला. त्या मुदतीत बिहारमध्ये सरकारे आली आणि गेली, राज्यपाल बदलले, राष्ट्रपती राजवटही येऊन गेली. विधानसभेने मात्र त्या उसावर एकदाही मत दिले नाही.

घटनेच्या 213व्या कलमाने राज्यपालांना आणि 123व्या कलमाने राष्ट्रपतींना हा अधिकार दिला आहे. सभागृह चालू नसेल आणि तातडीची गरज असेल, तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अध्यादेश काढता येतो. सभागृह पुन्हा भरल्यावर तो त्याच्यापुढे ठेवायचा, आणि सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही, म्हणजे अध्यादेशाचे आयुष्य फार तर साडेसात महिने. अध्यादेश ही उधारी आहे आणि वही सभागृहाच्या ताब्यात आहे. बिहारने वही न दाखवता तीच उधारी दर अधिवेशनानंतर नव्याने घ्यायची युक्ती काढली.

हा अधिकारच नको होता, असे आमचे म्हणणे नाही. संविधान सभेत के. टी. शहा आणि हृदयनाथ कुंझरू यांनी त्याबद्दल शंका घेतल्या, तेव्हा सभागृह बसलेले नसताना अचानक प्रसंग उद्भवला तर सरकारने हातावर हात धरून बसायचे का, असा डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा रोख होता. तो रास्त होता. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा ढिगारे उपसायला, धान्य, तंबू आणि डॉक्टर पोचवायला कोणी विधानसभेच्या ठरावाची वाट पाहत बसले नाही. बसले असते तर आपणच त्यांना शिव्या घातल्या असत्या. कार्यकारी सत्ता म्हणजे हुकूम देणारा, पैसा खर्च करणारा आणि माणसे कामाला लावणारा हात. तो चपळच हवा.

पण याच आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना एक निवड स्पष्ट करून सांगितली होती. अमेरिकी पद्धतीत सरकारला स्थैर्य अधिक मिळते, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे. इथे सरकारचा हिशेब दोनदा होतो. पाच वर्षांनी मतदार करतात, आणि रोज सभागृहातले सदस्य करतात: प्रश्न विचारून, ठराव आणून, स्थगन प्रस्ताव मांडून, अविश्वास दाखवून. आज आपल्या चर्चेत पाच वर्षांचा हिशेब तेवढा उरला आहे. निवडून आलो आहोत, आता पाच वर्षे विचारू नका, असे कुठलाच मंत्री तोंडाने म्हणत नाही, पण कामकाजाचे दिवस मोजले की तेच ऐकू येते. आंबेडकरांना रोजचा हिशेब अधिक परिणामकारक वाटत होता, हे विसरणे सगळ्याच पक्षांच्या सोयीचे आहे.

सगळ्याच पक्षांच्या, हे मुद्दाम लिहितो. 19 जुलै 1969 रोजी, शनिवारी, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. संसदेचे अधिवेशन सोमवारी, 21 तारखेला सुरू व्हायचे होते. आपली बँक ऑफ महाराष्ट्रही त्या चौदांत होती. निर्णय बरा की वाईट हा वाद निराळा; पण शनिवार ते सोमवार इतकीही कळ सोसवत नव्हती, ती कारणे बँकांच्या कारभारात शोधून सापडत नाहीत. काँग्रेस पक्षातली त्या आठवड्याची भांडणे चाळली की सापडतात. अलीकडचे उदाहरण शत्रू मालमत्तेच्या अध्यादेशाचे. 2016 या एकाच वर्षात तो पाच वेळा काढला गेला, तेव्हा केंद्रात भाजपचे सरकार होते. शेतीविषयक तीन अध्यादेश 5 जून 2020 रोजी निघाले, सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले, राज्यसभेत त्यांतले दोन गोंधळात आवाजी मतदानाने संमत झाले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तिन्ही मागे घ्यावे लागले. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले होते. ज्या हरकती समितीच्या खोलीत आठ-पंधरा दिवसांत ऐकता आल्या असत्या, त्या रस्त्यावर ऐकाव्या लागल्या.

घाई नेहमी कलमांतूनच येते असेही नाही. केंद्र सरकारच्या कामकाजाचे 1961चे नियम आहेत. त्यांतला बारावा नियम पंतप्रधानांना गरजेप्रमाणे बाकीचे नियम बाजूला ठेवू देतो. 25 जून 1975च्या रात्री आणीबाणीची घोषणा राष्ट्रपतींकडे सहीला गेली ती या नियमाच्या आधारावर. मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोलावून कळवण्यात आले. देशाचे स्वातंत्र्य गोठवणाऱ्या कागदावर सही होऊन गेली तेव्हा बहुतेक मंत्री झोपेत होते. जनता सरकारच्या काळात 1978च्या 44व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही, अशी अट घातली. आणीबाणीपुरती ती वाट बंद झाली. बारावा नियम राहिलाच. 23 नोव्हेंबर 2019 रोजी पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली ती त्याच नियमाने, आणि आठच्या सुमारास राजभवनावर शपथविधी झाला. महाराष्ट्र चहा पिताना टीव्हीवर ते पाहत होता. तो प्रयोग टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 26 नोव्हेंबरला, म्हणजे संविधानदिनीच, दुसऱ्या दिवशी सभागृहात बहुमत सिद्ध करा असे फर्मावले, आणि त्याच दुपारी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. पहाटे सरकार स्थापन करता येते. सभागृहात मात्र डोकी मोजावी लागतात.

आमच्या धंद्याशी संबंधित एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणीबाणीत मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मुंबईच्या छोट्या मासिकाचे अकरा मजकूर सेन्सॉरने अडवले. मसानी उच्च न्यायालयात गेले. 1976 मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी सेन्सॉरचे ते आदेश रद्दबातल ठरवले. आणीबाणी उठवा असे न्यायालयाने म्हटले नाही, तसे म्हणण्याचा तो प्रश्नही नव्हता. ज्या नियमाने सेन्सॉरला अधिकार दिला, त्या नियमाच्या चौकटीत त्याने काम केले का, एवढेच तपासले. सरकारवर टीका झाली म्हणून ती छापायची नाही, असे त्या चौकटीत कुठेच बसत नव्हते. अधिकाऱ्याला त्याचेच कागद दाखवून विचारणे, हे विचारण्याचे सर्वांत साधे रूप आहे. ते त्या काळातही चालले.

वाधवांनीही तेच केले. 1983 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि मग त्यांनी इतर काही जणांसह सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. पुण्यात बसलेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचा बिहारच्या अध्यादेशांशी संबंध काय, असा आक्षेप घेण्यात आला. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर 1986 मध्ये तो फेटाळला. कायद्याने राज्य चालावे ही अपेक्षा कोणत्याही नागरिकाला करता येते, असे म्हटले. आणि सभागृह टाळण्यासाठी पुन्हा पुन्हा अध्यादेश काढणे हा घटनेशी केलेला कपटव्यवहार आहे, असा निर्वाळा दिला. बिहार सरकारने वाधवांना दहा हजार रुपये खर्च द्यावा असाही आदेश झाला. गठ्ठे उलगडण्याची ती मजुरी म्हटली तर फारच स्वस्त पडली.

निकालाने बिहार सुधारला का? 18 डिसेंबर 1989 रोजी, म्हणजे तीन वर्षांनी, त्याच राज्याने 429 खाजगी संस्कृत शाळा ताब्यात घेण्याचा अध्यादेश काढला. शिक्षक सरकारी नोकर झाले. मग एकामागून एक अध्यादेश निघत गेले आणि त्यांतला एकही विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही. 1992 मध्ये शेवटचा अध्यादेश संपला तेव्हा शिक्षक होते तिथे परत आले. खटला चालत राहिला. 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले, की अध्यादेश सभागृहापुढे ठेवणे हा उपचार नसून बंधन आहे, आणि ते न पाळल्यामुळे हे अध्यादेशच घटनाबाह्य ठरतात. शिक्षकांना त्यातून कायमचा हक्क मिळाला नाही. दिलेला पगार परत मागू नये, एवढा दिलासा मिळाला. सरकारच्या शब्दावर विसंबून नोकरी लागली असे घरी सांगितलेल्या माणसांना हे उत्तर मिळायला पंचवीस वर्षे लागली. ज्यांनी अध्यादेशांवर सह्या केल्या आणि ज्यांनी त्यांना सह्या करायला सांगितले, त्यांतल्या कोणाच्या पगारातून एक रुपया कापला गेला नाही. बेलगाम सत्तेची किंमत सहसा असेच लोक भरतात, म्हणून या विषयाला कायदेपंडितांचा विषय म्हणून बाजूला सारणे आम्हाला मान्य नाही.

न्यायालय उशिरा येते आणि बोलावल्याशिवाय येत नाही. रोजचा हिशेब सभागृहातच व्हायला हवा, आणि तिथे आपल्या राज्याची स्थिती मिरवण्यासारखी नाही. नागपूर करारानुसार विदर्भाला दरवर्षी एक अधिवेशन मिळायचे ठरले, ते विदर्भाच्या प्रश्नांवर सरकारने तिथे बसून उत्तरे द्यावीत म्हणून. त्या अधिवेशनाची चर्चा आता मोर्चे, हुरडा पार्ट्या आणि आमदार निवासातल्या गैरसोयींपुरती उरली आहे. 2020 मध्ये साथीचे कारण होते, ते खरे. अधिवेशन मुंबईत भरले आणि दोन दिवसांत आटोपले. साथ गेल्यावरही घाईची सवय गेली नाही. गोंधळात तारांकित प्रश्न वाहून जातात, लक्षवेधी सूचना रात्री उशिरा रिकाम्या बाकांपुढे उरकल्या जातात, पुरवणी मागण्या चर्चेविना मंजूर होतात. आचारसंहितेच्या तोंडावर निघणारे शासन निर्णय मात्र दिवसाला शेकड्यांनी निघतात आणि ते काढायला सरकारला कधी वेळ कमी पडत नाही. विरोधी बाकांवर असताना कामकाजाचे दिवस वाढवा म्हणून ओरडणारे सत्तेत गेल्यावर तेच दिवस कापतात, हा आपल्याकडचा एकमेव सर्वपक्षीय कार्यक्रम असावा.

हिवाळी अधिवेशन आता दीड-दोन महिन्यांवर आहे. फराळाला, पाडव्याला, भाऊबीजेला किंवा कुठल्या उद्घाटनात आपले आमदार भेटतीलच. रस्ता, पाणी, बदली यांची कामे सांगाच, पण त्यासोबत एवढेही विचारा: गेल्या वर्षी सभागृह किती दिवस बसले, त्यांतल्या किती दिवशी तुम्ही हजर होता, किती प्रश्न विचारलेत आणि उत्तर मिळाले नाही तेव्हा काय केलेत? उत्तर देता आले नाही तर नाराज होऊ नका. पुढच्या वर्षी परत विचारा.