सिद्धतेचा उंबरठा

बारावीपर्यंत गणित म्हणजे बहुतेकांसाठी उत्तर काढणे. महाविद्यालयात पाऊल ठेवताच प्रश्न बदलतो: हे खरे कशावरून?

एखादी पूर्ण संख्या घ्या. तिच्या वर्गात ती संख्या आणि ४१ मिळवा. ० पासून ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्याच येते. चाळीस उदाहरणे जुळली की कोणाचाही विश्वास बसेल. पण ४० घेताच येतात १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग! ऑयलरच्या नावाने ओळखली जाणारी ही राशी पहिल्याच तासाला फळ्यावर यायला हवी.

मग पुढची चढण. पंचघाती समीकरणांसाठी मुळे काढून उत्तर देणारे सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे गणितज्ञ आबेलने १८२४ मध्ये दाखवले. कोणती समीकरणे तशी सुटतात, हे गाल्वाने उलगडले. तो १८३२ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी गेला. त्याचे लेखन छापले गेले १८४६ मध्ये. अशा सिद्धता परीक्षेपुरत्या पाठ करून घेणे हा विद्यार्थ्यांवर अन्यायच आहे.

हे टाळायचे तर शिक्षकही तसा हवा. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, ठरलेले र. पु. परांजपे शिकवायला परतले ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. पहिल्या वर्षाच्या वर्गाला आजही तितकाच तयारीचा शिक्षक हवा.