दुसरी टीम म्हणजे स्टेपनी नव्हे

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एकच प्रश्न घेतला होता: मालक पंधरा दिवस नसला तर दुकान चालतं का? व्हिडिओत वेळ पुरत नाही, म्हणून त्यातला एक मुद्दा इथे नीट मांडतो. उदाहरण फुटबॉलचं आहे. फुटबॉल बघत नसलात तरी वाचा, कारण दुसरी फळी तयार करण्याचं काम या क्लबांनी अगदी पद्धतशीरपणे केलंय.

मोठ्या क्लबची एकच टीम नसते. टीव्हीवर दिसते ती पहिली टीम. तिच्या मागे दुसरी असते, तिला कुठे 'बी टीम' म्हणतात, कुठे 'रिझर्व्ह', कुठे 'अंडर-२१'. त्याच्याही खाली शाळा-कॉलेजच्या वयाची पोरं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दुसरी टीम म्हणजे गाडीची स्टेपनी. टायर पंक्चर झाला की काढायची, नाहीतर डिकीत पडून राहू दे. मला हे साफ चुकीचं वाटतं. आणि आपल्याकडचे बरेच मालक आपल्या माणसांकडे असंच बघतात, म्हणून हा लेख.

आधी स्पेन बघा. बार्सिलोनाची बी टीम किंवा रिअल माद्रिदची 'कास्तिया' ही दुसरी टीम नुसते सराव सामने खेळत नाही. ती देशाच्या खऱ्याखुऱ्या लीगमध्ये, खालच्या श्रेणीत उतरते. समोर छोट्या शहरांचे क्लब आणि त्यात ज्यांचं पोट याच खेळावर आहे असे तिशीतले कसलेले गडी. हरत राहिलात तर खाली घसरता, जिंकलात तर वर चढता. एकोणीस वर्षांच्या पोराला खऱ्या निकालाचं ओझं तिथे कळतं.

इंग्लंडमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे मोठ्या क्लबांच्या अंडर-२१ टीमची स्वतंत्र लीग असते. म्हणजे समोरही पोरंच. म्हणून तिथले क्लब होतकरू खेळाडूला छोट्या क्लबकडे 'लोन'वर पाठवतात, जा आणि मार खाऊन शीक. २०१६ पासून काही अंडर-२१ टीमना खालच्या श्रेणीच्या क्लबांबरोबर ईएफएल ट्रॉफीत खेळवायला लागले, तेव्हा त्या छोट्या क्लबांच्या चाहत्यांनी सामन्यांवर बहिष्कारही घातला. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण मोठ्या क्लबांची गरजही खरी होती: खरा सामना खेळल्याशिवाय माणूस तयार होत नाही.

आता खरी गंमत. पेप ग्वार्डिओला २००७ मध्ये बार्सिलोनाच्या बी टीमचा कोच झाला, तेव्हा ती टीम चौथ्या श्रेणीत होती. वर्षभरात त्याने ती वर चढवली आणि २००८ मध्ये पहिल्या टीमची जबाबदारी त्याच्याकडे आली. येताना त्याने बुस्केट्स आणि पेड्रो यांना वर आणलं. हे दोघं २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये स्पेनकडून सुरुवातीपासून मैदानात होते. दोन वर्षांपूर्वी हीच पोरं चौथ्या श्रेणीत खेळत होती!

हे जमलं कसं? बार्सिलोनात खालच्या टीमचा खेळ वरच्यासारखाच असतो. पास कसा द्यायचा, कुठे उभं राहायचं, सगळं तेच. वर गेलेल्या पोराला नवी भाषा शिकावी लागत नाही. दारही उघडं असतं. स्पेनमध्ये पहिल्या टीमच्या खेळाडूंना १ ते २५ नंबर मिळतात आणि बी टीममधून आलेला पोरगा त्याच्या पुढचा नंबर घालून उतरतो. मेस्सी २००४ मध्ये लीगमध्ये पहिल्यांदा उतरला, तेव्हा त्याच्या पाठीवर ३० होता.

तुमच्यापैकी काही जणांची मुलं 'फुटबॉल मॅनेजर' नावाचा गेम खेळत असतील. एकदा शेजारी बसून बघा. त्यात तुम्ही क्लबचे मॅनेजर असता. नवखा खेळाडू हमखास एक गोष्ट करतो: नको असलेली माणसं दुसऱ्या टीममध्ये ढकलून देतो. मग काय होतं? पगार चालू राहतो, माणूस नाराज होतो, आणि खाली शिकायला आलेल्या पोरांच्या वाट्याचे सामने जातात. मुरलेला खेळाडू दुसरी टीम वेगळ्या कामासाठी वापरतो. दुखापतीतून उठलेल्याला तिथे खेळवून लयीत आणतो आणि होतकरू पोराला सामने मिळवून देतो. सामने मिळत नसतील तर लोनवर पाठवतो. गेममधलं पथक तेच, नियमही तेच. फरक फक्त बघण्याच्या नजरेचा.

आता तुमचा आवडता आक्षेप: "सर, शिकवलं की सोडून जातो." जाणारच काही जण. रिअल माद्रिदकडे बघा. कास्तियात तयार झालेला कार्वाहाल त्यांनी २०१२ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुसेनला विकला आणि २०१३ मध्ये परत घेतला. मोराटा २०१४ मध्ये युव्हेंटसला विकला, २०१६ मध्ये परत आणला. विकतानाच परत घेण्याची अट करारात घातलेली होती. जाणाऱ्याशी भांडायचं नाही, त्याच्या परतीची वाट मोकळी ठेवायची. तुमच्याकडून गेलेला कारागीर दोन वर्षं बाहेर शिकून परत आला, तर तोटा कुणाचा?

एक कडू गोष्टही सांगतो. कास्तियाने १९८० मध्ये पहिल्या श्रेणीचे चार संघ हरवून कोपा देल रेची फायनल गाठली. समोर कोण? स्वतःचीच पहिली टीम! ६-१ ने हरले. १९८४ मध्ये तर त्यांनी दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकली, तरी वर जाता आलं नाही. कारण मूळ क्लब ज्या श्रेणीत आहे, त्या श्रेणीत त्याची दुसरी टीम खेळू शकत नाही. छत आहे आणि ते फुटत नाही. पण तो नियम प्रत्येक पोराला पहिल्या दिवसापासून माहीत असतो. टीम वर जाणार नाही, पण तू जाऊ शकतोस.

आपल्या घरच्या धंद्यात छत असतंच. गादीवर पुढे मुलगा किंवा पुतण्या बसणार, हे ठरलेलं असतं. मात्र बारा वर्षं राबणाऱ्या मॅनेजरला हे कुणी सांगत नाही. "तू घरचाच आहेस" एवढंच त्याच्या कानावर पडतं. मग एक दिवस तो समोरच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकतो आणि आपण त्याला बेइमान म्हणतो. मला विचाराल तर यात चूक मालकाची. छत कुठे आहे ते आधी सांगा आणि त्या छताखाली त्याला काय मिळेल तेही सांगा: नफ्यातला वाटा, दुसऱ्या शाखेची पूर्ण जबाबदारी, जे झेपेल ते.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या दोन नंबरच्या माणसाला एक खरा सामना द्या. झाडलोट आणि निरोप्याचं काम नको. एका व्यापाऱ्याची खरेदी, भावासकट, त्याच्यावर सोपवा. किंवा आठवड्यातला एक दिवस गल्ला त्याच्याकडे. पद्धत तुमचीच राहू दे, तेच बिलबुक, तीच उधारीची वही. तुम्ही दुकानात थांबू नका, आणि तासातासाला फोनही करू नका. चार पैसे चुकतील. सीझनच्या तोंडावर तुम्ही आजारी पडलात आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा खेळला, तर चुकणारा आकडा यापेक्षा कितीतरी मोठा असेल.