राणेखानाची पाळी

श्रीगोंदा हे शिंद्यांच्या जहागिरीचे गाव. त्यांचे वाडे तिथे आहेत. या घराण्यातल्या दोघांच्या जखमा फाशांवर लढाया खेळणाऱ्यांनी नीट समजून घ्याव्यात अशा आहेत.

१० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे गोळी लागून पडले आणि पडलेल्या अवस्थेतच शत्रुपक्षाच्या कुतुबशहाने त्यांचे शिर कापले. वर्षभराने पानिपतावरून निघालेल्या महादजींच्या पायावर पाठलागावरच्या अफगाण स्वाराने घाव घातला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलले, बैलावर घातले आणि दक्षिणेत आणले. पाय जन्मभर अधू राहिला. तो तसाच घेऊन महादजी १७७१ मध्ये दिल्लीत शिरले.

१९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये जखम म्हणजे हिट पॉइंटांची वजाबाकी. पन्नासातला एकच उरला तरी योद्ध्याची तलवार तितक्याच जोराने चालते. म्हणून जाणते खेळाडू वार वाटून घालत नाहीत. सगळे एकावर तुटून पडतात, तो आडवा झाला की पुढचा. डाव उत्तम आहे. पण पाचव्या आवृत्तीत आठ तासांच्या विश्रांतीने सगळे पॉइंट परत येतात, आणि इथे खेळ इतिहासापासून फार लांब जातो.

‘रूनक्वेस्ट’ या तशाच खेळाने १९७८ मध्येच दुसरी वाट धरली. घाव कुठे बसला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो आणि त्यातले आठ आकडे पायांचे. पाय निकामी झाला की माणूस खाली.

हिट पॉइंट शून्यावर आलेल्याने ‘डंजन्स’च्या पाचव्या आवृत्तीत दर पाळीला फासा टाकायचा: तीन यशे आधी, की तीन अपयशे? जवळून बसलेला एक वार दोन अपयशांचा. कुतुबशहाची चाल अशी नियमातच आहे, आणि राणेखानाचीही. सोबती आपली पाळी खर्चून पडलेल्याला सावरू शकतो. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, दयेपोटी पडलेल्यावरचा वार टाळला, तर सोबत्याला धावून जायची निकड उरत नाही. मराठेशाहीवर बेतलेली खेळातली मोहीम रचणाऱ्याने तो टाळू नये.

२०१४ च्या डीएम मार्गदर्शिकेत टिकणाऱ्या जखमांचा ऐच्छिक तक्ता आहे. त्यातल्या लंगडेपणाने चालीचा वेग पाच फुटांनी घटतो, धाव घेतल्यावर फासा चुकला तर माणूस कोसळतो. जादूच्या उपचाराने मात्र ते जाते. ही सवलत अशा मोहिमेतून काढावी.

महादजींनी राणेखानाला भाऊ मानले, सरदारकी दिली. खेळात अनुभवाचे गुण मुख्यतः शत्रू हरवल्याचे मिळतात. जखमी सोबत्याला रणातून बाहेर काढणाऱ्यालाही डीएमने निदान तितके द्यावेत.