वीज वाचवणारी चिप बनते कशी, तेही बघा

हल्ली पंखा घ्यायला गेलं की दुकानदार आधी बीएलडीसी पंखा पुढे करतो. जुना पंखा ७५ वॉट खातो, हा २८ ते ३५. रोज १२ तास चालवला तर एका पंख्यामागे महिन्याला १५ युनिटच्या आसपास वीज वाचते. आतली चुंबकाची मोटर आणि तिला हवी तेवढीच वीज पुरवणारी सेमीकंडक्टर चिप, ही त्या दोघांची कमाल. इन्व्हर्टर एसी, एलईडी दिवा, इलेक्ट्रिक रिक्षा, छतावरचं सोलर, सगळीकडे चिपच काम करते. आपल्याकडे अजूनही बरीचशी वीज कोळशावर तयार होते. त्यामुळे वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे कोळसा कमी जळतो.

चिप कंपन्या हेच सांगतात की आमच्या मालामुळे जगाचं कार्बन उत्सर्जन घटतं. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. ती चिप बनते कशी, हा हिशोब बाकी राहतो.

सिलिकॉनच्या चकतीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा कोरायला फ्लोरिनयुक्त वायू लागतात. यंत्राच्या आतला भाग साफ करायलाही तेच लागतात. त्यातला कार्बन टेट्राफ्लोराइड हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा ६ हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो आणि हवेत तब्बल ५० हजार वर्षं टिकतो. सल्फर हेक्साफ्लोराइड तर २० हजार पटींच्या पुढचा. म्हणजे थोडासा सुटला तरी नुकसान मोठं. शिवाय कारखाना रात्रंदिवस चालतो, आणि सर्वात बारीक चिप बनवणारं एकेक यंत्र सुमारे एक मेगावॉट वीज ओढतं.

तैवानचं उदाहरण घ्या. तिथली टीएसएमसी ही एकटी कंपनी देशातली सुमारे ८ टक्के वीज वापरते, आणि तैवानची बहुतांश वीज कोळसा व गॅसवर बनते. २०२० मध्ये कंपनीने १०० टक्के हरित वीज वापरण्याचं वचन दिलं, त्यासाठी मुदत मात्र २०५० ची ठेवली. त्याच वर्षी तिने समुद्रातल्या ९२० मेगावॉटच्या पवनऊर्जा प्रकल्पाची सगळी वीज विकत घेण्याचा करार केला. २०२३ मध्ये मुदत १० वर्षं अलीकडे, २०४० वर आणली. मोठ्या गिऱ्हाइकांचा दबावही होता. ॲपलने २०२० मध्येच पुरवठादारांना सांगून टाकलं होतं की २०३० पर्यंत आमच्या मालाचा कार्बन हिशोब शून्यावर यायला हवा. थोडक्यात, गिऱ्हाईक अडून बसलं की कारखानदार हलतो.

वायूंवरही इलाज आहे. १९९९ मध्ये जगातल्या चिप उत्पादकांच्या संघटनेने ठरवलं की २०१० पर्यंत या वायूंचं उत्सर्जन १० टक्क्यांनी कमी करायचं. प्रत्यक्षात ते ३२ टक्क्यांनी घटलं. साफसफाईची पद्धत बदलली, वायू आतच मोडून टाकण्याची सोय केली, उरलेला धुराड्यापाशी जाळून टाकला. पुढे उत्पादन वाढत गेलं, त्यामुळे हे काम सोडून चालणार नाही.

आता आपल्या दाराशी या. मार्च २०२४ मध्ये गुजरातमधल्या धोलेऱ्यात टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली. तैवानच्या पीएसएमसी कंपनीची साथ, ९१ हजार कोटींची गुंतवणूक, महिन्याला ५० हजार चकत्यांची क्षमता. केंद्राच्या योजनेत अशा प्रकल्पाच्या खर्चाचा निम्मा भार सरकार उचलतं. हा पैसा तुमच्या-आमच्या कराचा आहे. साबण घेताना, रिचार्ज मारताना आपण जीएसटी भरतो, त्यातलाच.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. जिथे निम्मा पैसा जनतेचा, तिथे जनतेने तीन अटी घालाव्यात. धुराड्यापाशी वायू नष्ट करणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून हवी. विजेचा ठरावीक हिस्सा सौर आणि पवनऊर्जेचा हवा. गुजरातेत खावड्यासारखा प्रचंड ऊर्जा प्रकल्प उभा राहत असताना वीज कुठून आणायची, हा बहाणा चालणार नाही. आणि कोणता वायू किती सुटला, याचा आकडा दरवर्षी जाहीर व्हायला हवा.

यामुळे कारखाने येणार नाहीत, अशी भीती काही जण घालतील. पण ज्या परदेशी गिऱ्हाइकांना ही चिप विकायची आहे, तेच उद्या हा हिशोब मागणार आहेत. इमारत उभी राहिल्यावर भिंती फोडून पाइप टाकण्यापेक्षा नकाशातच जागा ठेवलेली स्वस्त पडते. घर बांधलेल्या कुणालाही हे विचारा.

कारखाने यावेत, आपल्या पोरांना तिथे नोकऱ्या मिळाव्यात, हीच आमचीही इच्छा आहे. पण घरातल्या पंख्याने वाचवलेला कार्बन कारखान्याच्या धुराड्यातून परत बाहेर पडणार असेल, तर या सौद्यात आपल्या हाती काय उरलं?