खाण संपते, खड्डा उरतो

निवृत्तीनंतर मानेसरला स्थायिक झालो, तेव्हापासून सकाळच्या फेरफटक्यात अरवलीच्या सोललेल्या कडा रोज दृष्टीस पडतात. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील अरवलीत खाणकामास मनाई केली. २००९ मध्ये गुडगाव, फरिदाबाद आणि मेवात या जिल्ह्यांतील खाणी पुन्हा थांबवल्या. खाणवाले निघून गेले, खड्डे राहिले. फरिदाबादचा बडखल तलाव एके काळी दिल्लीकरांच्या सहलीचे ठिकाण होता. डोंगर पोखरले गेले, पाण्याच्या वाटा तुटल्या आणि तो कोरडा पडला. तो दगड कोणाच्या भिंतीत बसला हे आज कोणी सांगू शकणार नाही. खड्डा कोणाच्या गावाला आला, हे मात्र कोणीही दाखवील.

हे सारे आठवण्याचे कारण पन्ना. मध्य प्रदेशातील मझगवाँ ही देशातील एकमेव यांत्रिक हिरेखाण तीन वर्षे बंद राहून २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाची ही खाण गंगऊ अभयारण्यात, पन्ना व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. २००५ ते २००९ या काळातही ती पर्यावरणाच्याच प्रश्नावरून थांबली होती. ती सुरू झाल्याचे स्वागत झाले, कारण त्या भागात दुसरा मोठा रोजगार नाही. हे स्वागत मला समजते. ज्या प्रश्नाची चर्चा झाली नाही तो वेगळा आहे : ही खाण कायमची बंद होईल त्या दिवसाची तयारी काय?

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून पहिल्या बाजीरावाने छत्रसालाची सुटका केली आणि त्या वृद्ध राजाने आपल्या राज्याचा तिसरा वाटा पेशव्याला दिला. महाराष्ट्रातही गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिरेखाणीची नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे. आज तेथे किल्ल्याचे अवशेष आहेत. हिऱ्यांची उरली आहे ती केवळ आठवण. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीवर साठ हजार माणसे राबत असल्याचे लिहिले. त्या गर्दीचाही मागमूस उरलेला नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. संपणे हा खाणीचा स्वभावच आहे.

मात्र ती कशी संपते, हे समजून घेतले पाहिजे. हिरे वाहून आणणारा खडक जमिनीत गाजराच्या आकारात उभा असतो : वर रुंद, खाली निमुळता. उघड्या खाणीत तो पायऱ्यापायऱ्यांनी कोरत जातात. कडा सरळ उभी ठेवली तर ती ढासळते. म्हणून जितके खोल जावे तितका काठ बाहेर सरकवावा लागतो. म्हणजे तळातील एक टन हिरेयुक्त खडकासाठी वरचा अधिकाधिक निरुपयोगी खडक उपसणे आले. पाण्याचा उपसा वेगळाच. मझगवाँत शंभर टन खडकामागे साधारण दहा कॅरट, म्हणजे दोन ग्रॅम हिरा मिळतो. वर्षाला ८४ हजार कॅरट ही तिची क्षमता. वजनात सतरा किलोंहूनही कमी. त्यासाठी आठ लाख टनांवर खडक फोडावा, धुवावा आणि कुठेतरी टाकावा लागतो. खोली वाढते तसा खर्च वाढतो, आणि ज्या दिवशी खर्च उत्पन्नाला मागे टाकतो त्या दिवशी खाण संपते. हिरे त्या दिवशी संपलेले नसतात.

म्हणजेच खाणीच्या मृत्यूची तारीख भूगर्भशास्त्रज्ञापेक्षा बाजार ठरवतो. आणि आज तोच बाजार डळमळला आहे. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांनी किमती खाली ओढल्या आहेत. आपल्या सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात या उद्योगाला उघड प्रोत्साहन दिले. त्याच वर्षी पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला. सुरतेत पैलू पडतात ते आयात केलेल्या कोट्यवधी कॅरट हिऱ्यांना. मझगवाँचा वाटा त्यात नगण्य आहे. तेव्हा या खाणीला राष्ट्रीय गरज म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ती आहे स्थानिक गरज, आणि तिचा हिशेबही स्थानिकच मांडायला हवा.

बोट्स्वानाने हा हिशेब बराच नीट मांडला. स्वातंत्र्यानंतर सेरेत्से खामा यांनी आपल्या जमातीचेही खनिज हक्क राष्ट्राच्या स्वाधीन केले. १९८२ मध्ये सुरू झालेली ज्वानेंग ही मूल्याच्या दृष्टीने जगातील सर्वांत समृद्ध हिरेखाण. ती चालवणाऱ्या कंपनीत सरकारचा निम्मा वाटा आहे. त्या पैशातून शाळा, रस्ते, दवाखाने उभे राहिले. तरीही मागणी घटताच २०२४ मध्ये त्या देशाची अर्थव्यवस्था आकसली आणि अठ्ठावन्न वर्षे सत्तेवर असलेला पक्ष निवडणूक हरला. चांगल्या कारभारालाही एकाच खड्ड्यावर विसंबणे परवडले नाही.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असे नाही. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी नियमांनी बंधनकारक आहे. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानेही आहेत. पण माझ्या सेवाकाळात एका खाणजिल्ह्यात असाच एक आराखडा माझ्या टेबलावर आला होता. उत्खननाचे प्रकरण दोनशे पानांचे, बंद करण्याचे दीड पानाचे. आणि त्या दीड पानातही शेजारच्या खाणीचे नाव चुकून तसेच राहिले होते. मी शेरा मारून फाइल परत पाठवली. महिन्याभरात ती नाव दुरुस्त करून आली; बाकी मजकूर तोच. तोवर माझी बदली झाली होती. पुढे कोणी ती वाचली की नाही, हे मी कधी विचारले नाही. ही माझीही कसूर आहे.

मझगवाँपासून दूर नसलेल्या छत्तरपूर जिल्ह्यातील बक्सवाहाच्या जंगलात याहून मोठा प्रश्न उभा आहे. तेथील बंदर प्रकल्पात तीन कोटी कॅरटहून अधिक हिऱ्यांचा अंदाज आहे आणि दोन लाखांवर झाडे तोडावी लागतील असे सांगितले गेले. रिओ टिंटो या प्रकल्पातून २०१७ मध्ये बाहेर पडली. २०१९ च्या लिलावात तो आदित्य बिर्ला समूहाकडे गेला. २०२१ मध्ये शैलचित्रांच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. वाद ‘झाडे की हिरे’ असा रंगवला जातो. माझ्या मते तो अपुरा आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या खाणीनंतरच्या शंभर वर्षांचा खर्च कोणाच्या खात्यावर, हा खरा वाद आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. बंद करण्याचा निधी दरवर्षीच्या उत्पादनाच्या प्रमाणात, खाण नफ्यात असतानाच, वेगळ्या खात्यात जमा व्हावा; भाव कोसळल्यावर मागायला गेले तर देणारा जागेवर नसतो. कॅनडातील डायाविक खाणीसाठी २००० मध्ये तेथील आदिवासी समाजांना सामील करून पर्यावरण करार झाला आणि देखरेखीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले. तसे मंडळ पन्नात ग्रामसभांच्या प्रतिनिधींसह असावे आणि त्याचे अहवाल हिंदीत प्रसिद्ध व्हावेत. तिसरे, खनिज प्रतिष्ठानाच्या निधीचा ठरावीक हिस्सा खाणीवर अवलंबून नसलेल्या उपजीविकांसाठी राखून ठेवावा.

पन्नात आजही मजूर दोनशे रुपयांत आठ मीटर बाय आठ मीटरचा पट्टा घेऊन नशीब अजमावतात. एखाद्याला मोठा हिरा सापडला की त्याचे छायाचित्र देशभर छापून येते. ज्यांना काहीच सापडत नाही त्यांचे छायाचित्र कोणी घेत नाही. राज्यकारभार त्यांच्यासाठी असतो. नशीबवानाची सोय नशीबच करते.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)