कॅरम हा खेळच

आज राष्ट्रीय क्रीडा दिन. मेजर ध्यानचंद यांचा हा जन्मदिवस रत्नागिरीत नेहमी भर पावसात उजाडतो. दिल्लीत सत्कार होतात, शाळाशाळांत तंदुरुस्तीची शपथ घेतली जाते आणि आपल्याकडची मैदाने मात्र चिखलात असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर मैदानी खेळ जवळजवळ थांबतात. या चार महिन्यांत इथला खेळ छपराखाली येतो. छपराखाली असतो एक चौकोनी बोर्ड, त्यावर टांगलेला दिवा आणि बाजूला बोरिक पावडरचा डबा. म्हणून आजच्या दिवशी रत्नागिरीने कॅरमबद्दल बोलावे, असे आम्हांला वाटते.

बोलायला कारणही आहे. राज्य कॅरम स्पर्धांचे निकाल वर्तमानपत्रात वाचणाऱ्यांना खेळाडूच्या नावापुढे कंसात ‘रत्नागिरी’ वाचायची सवय झाली आहे. आकांक्षा कदम, मैत्रेयी गोगटे, रियाज अकबर अली ही नावे महाराष्ट्रात जिथे जिथे कॅरम गांभीर्याने खेळला जातो तिथे ओळखीची आहेत. आणि तरीही याच गावात एखाद्या मुलीने रोज संध्याकाळी दोन-तीन तास कॅरमचा सराव करायचे ठरवले, तर घरचे आणि शेजारचे विचारतात : हा काय खेळ आहे? यात घाम कुठे येतो? हीच मुलगी धावायला जात असती तर तिला कोणी हे विचारले नसते. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना खरोखरच तसे वाटते. पण या प्रश्नाने किती मुलांचा सराव सुटला असेल, याचा विचार केला की वाईट वाटते. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

घाम ही खेळाची कसोटी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा ते धावले नाहीत की उडी मारली नाही. त्यांनी श्वास आवरला, शरीर स्थिर ठेवले आणि योग्य क्षणी बोट दाबले. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. त्यावर नेम धरणाऱ्याला आपण खेळाडू म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मग चिमटीएवढ्या जागेत तोच कस दाखवणाऱ्या कॅरमपटूला वेगळी कसोटी कशासाठी?

एक फटका जवळून पाहा. बोर्डाचा खेळायचा भाग ७४ सेंटिमीटर चौरस. सोंगटीचा व्यास तीन सेंटिमीटरच्या जरा वर, पॉकेट साडेचार सेंटिमीटरच्या आत, स्ट्रायकर फार तर १५ ग्रॅमचा. आपली शेवटची सोंगटी समोरच्याच्या दोन सोंगट्यांच्या आड दडली आहे, सरळ वाट बंद आहे. खेळाडूला जागेवरून उठता येत नाही, खुर्ची सरकवता येत नाही. स्ट्रायकर बेस लाइनच्या दोन्ही रेषांना टेकलाच पाहिजे. तो समोरच्या फ्रेमवर किती जोराने आणि कोणत्या कोनातून आदळला म्हणजे परत येताना सोंगटीला हवी तेवढीच बगल देईल, याचा हिशेब बोटाच्या एका टिचकीत उतरवायचा असतो. जोर तसूभर जास्त झाला की स्ट्रायकर स्वतःच पॉकेटमध्ये जातो; मग पाळी जाते आणि मिळवलेली एक सोंगटी परत बोर्डावर ठेवावी लागते. राणी घेतली तरी लगेच पुढच्या फटक्यात आपली सोंगटी घालून ती कव्हर करावी लागते, नाहीतर तीही मधोमध परत. असा एकेक बोर्ड करत गेम २५ गुणांपर्यंत किंवा आठ बोर्डांपर्यंत जातो, आणि सामना तीनपैकी दोन गेमचा असतो. ब्रेक करून एकदाही न हुकता नऊच्या नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि राणी घेणे, ज्याला खेळाडू ‘व्हाइट स्लॅम’ म्हणतात, ते ज्याने प्रत्यक्ष पाहिले आहे त्याला शरीर आणि मन यांची अशी एकतानता क्वचितच दुसरीकडे दिसली असेल.

गैरसमज होतो तो घरच्या कॅरममुळे. तोच बोर्ड घराघरांत सुट्टीत निघतो. कुठे काळी सोंगटी पाचाची, कुठे दहाची. कुठे अंगठ्याने मारलेले चालते, कुठे भांडण होते. लहान भावंडाला रडू आले तर एक फटका जास्त मिळतो. हा आनंद मोठा आहे आणि तो तसाच राहावा. पण स्पर्धेतला कॅरम वेगळा होतो तो नियमांमुळे. चेन्नईत आणि रत्नागिरीत बोर्ड एकाच मापाचा, फाउल एकच, गुण एकच, निवाडा तिसऱ्या माणसाच्या हाती. आपल्या मातीतले खेळही असेच खेळ झाले. खो-खो पिढ्यानपिढ्या खेळला जात होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये त्याचे नियम बांधले आणि मग एका गावचा संघ दुसऱ्या गावाशी न भांडता खेळू शकला. कबड्डीचेही तसेच. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. नियम आधी आले, मान्यता मागाहून.

दुसरी गोष्ट सरावाची. ज्यात हरल्यावर ‘कुठे चुकलो’ या प्रश्नाला उत्तर असते आणि उद्या ती चूक सुधारता येते, तो खेळ. फाशाला हा प्रश्न विचारता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा हीच सीमारेषा आखण्याचा प्रयत्न झाला : पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि कौशल्यावर निकाल लागणाऱ्या ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. त्या कायद्याच्या तपशिलावर मतभेद असू शकतात, पण दिशा योग्य आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजच्या जोडीत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे प्रणव बर्धन साठ वर्षांचे होते. पत्ते कोणते येतील ते त्यांच्या हाती नव्हते. आलेल्या पत्त्यांचे काय करायचे, हे त्यांनी आयुष्यभर घोटले होते.

या दोन कसोट्यांवर आपल्या अवतीभवतीच्या गोष्टी ताडून पाहाव्यात. गणपतीत रात्र-रात्र चालणारी जाखडी घ्या. पायांत चाळ बांधून तास-तास नाचणाऱ्या बाल्यांचा दमसास कोणत्याही धावपटूला मान खाली घालायला लावील, आणि शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात चुरसही असते. पण तिथे जिंकते ते गाणे, सवाल-जवाबातली हुशारी आणि श्रोत्यांची दाद. ती कला आहे, आणि तिला खेळ म्हणवून घ्यायची गरज नाही. खेळ नसणे म्हणजे कमी असणे नव्हे. हल्ली प्रत्येक चांगल्या गोष्टीला क्रीडाप्रकाराचा दर्जा मागितला जातो, त्यामागे नोकरीतले आरक्षण आणि परीक्षेतले वाढीव गुण आहेत हे आम्ही समजू शकतो. पण दर्जाच्या ओढीत त्या गोष्टीचा मूळ गुण हरवू नये.

नांगरणी स्पर्धांचा विचार मात्र थांबून करावा लागतो. लावणीच्या दिवसांत संगमेश्वर, चिपळूण, लांजा, रत्नागिरी या तालुक्यांत गावठी आणि घाटी अशा गटांत बैलजोड्या चिखलात उतरतात. काठावर छत्र्यांची गर्दी, शेतात आखलेला मार्ग, हाती घड्याळ घेतलेला पंच आणि गुडघाभर चिखलात नांगर धरून जोडीमागे धावणारा शेतकरी. काल याच मळ्यात भातासाठी नांगरट झाली असती तर ते काम होते. आज मार्ग आखला, वेळ मोजली, सर्वांना सारखी संधी दिली, म्हणून ती स्पर्धा झाली. पण इथे मैदानात उतरणाऱ्या तिघांपैकी दोघांना कोणी विचारलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. परवानगीसोबत आलेल्या अटी अनेक आयोजकांना जाच वाटतात. आम्हांला वाटते, त्या अटींनीच या स्पर्धेला खेळाच्या जवळ आणले आहे. काठीने पळवलेल्या बैलाच्या वेगात माणसाचे कौशल्य काय? हाळी देऊन, कासऱ्याच्या इशाऱ्यावर जोडी वळवणारा शेतकरी दिसतो तिथेच त्याचा वर्षभराचा लळा आणि मेहनत दिसते. ज्या आयोजकांनी काठी मनापासून बंद केली, त्यांनी आपल्या स्पर्धेचा मान वाढवला आहे.

दहीहंडीला ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने खेळाचा दर्जा जाहीर केला, गोविंदांना नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा मार्ग दाखवला आणि पुढे प्रो गोविंदा स्पर्धाही सुरू झाली. मनोरा रचण्यातले कौशल्य वादातीत आहे. पण कुठल्याही खेळाचा धोका खेळाडूने स्वतः समजून पत्करलेला असावा लागतो. सर्वांत वरच्या थरावर चढवलेले लहान मूल तो समजून पत्करत नाही. वयाची अट, सुरक्षा दोर, गादी, विमा हे सगळे वर्षभर आणि गल्लीबोळांतल्या सरावातही पाळले जाईल तेव्हाच तो दर्जा खरा होईल. आपल्या वाडी-वस्त्यांतल्या, हाताच्या उंचीवर बांधलेल्या हंडीला तर कोणत्याही दर्जाची गरज नाही. तो गावचा सण आहे.

आता परत बोर्डाकडे. सरकारी याद्या बदलत राहतात. १९०० ते १९२० या काळात रस्सीखेच ऑलिंपिकमध्ये होती, आज नाही. यादीत नाव असण्याने खेळाडूचे पोट भरते, म्हणून यादी महत्त्वाची आहे. पण खेळ आहे की नाही हे ती ठरवत नाही. ए. मारिया इरुदयम दोनदा विश्वविजेते झाल्यानंतर, १९९६ मध्ये, कॅरमला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राच्या योगेश परदेशी आणि प्रशांत मोरे यांनी जागतिक विजेतेपदे आणली, तेव्हा किती गावांत त्यांच्या मिरवणुका निघाल्या? २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅरम विश्वचषकात चेन्नईच्या रिक्षाचालकाची मुलगी एम. काझिमा हिने तीन सुवर्णपदके मिळवली आणि तमिळनाडू सरकारने तिला एक कोटी रुपये दिले. तिथे कोणी घामाचा हिशेब मागितला नाही. महाराष्ट्राने हा कित्ता गिरवायला हरकत नसावी.

रत्नागिरीला मात्र मुंबईची वाट पाहायची गरज नाही. कॅरमला मैदान लागत नाही, फ्लडलाइट लागत नाहीत, घाट उतरून येणारा महागडा प्रशिक्षक तर सुरुवातीला मुळीच लागत नाही. लागतो तो न फुगलेला, मापाचा बोर्ड, डोक्यावर नीट दिवा, पावसाळी ओल न लागणारी खोली, आणि नियम माहीत असलेला एक माणूस जो फाउलला फाउल म्हणेल. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या नऊही तालुक्यांत शाळांची सभागृहे संध्याकाळी कुलूपबंद असतात. जिल्हा परिषदेने आणि शाळांच्या संस्थांनी त्यांतली किमान एकेक खोली प्रत्येक तालुक्यात चार बोर्डांसाठी उघडावी, आणि जिल्ह्यातल्या नामवंत खेळाडूंना तिथे महिन्यातून एकदा मानधन देऊन बोलवावे. पालकांनी एवढेच करावे : मुलगी सरावाहून घरी आली की ‘घाम आला का’ असे न विचारता ‘आज कुठला फटका जमला’ असे विचारावे.